लेकीच्या पुस्तकाचं पारायण

इंग्रजी पुस्तक वाचायला बसण्याआधी नाना हातपाय धुवायचे. मग टोपी नीट बसवून पाटावर मांडी घालायची, चौरंगावरचं लाल फडकं उलगडायचं आणि आतून काढायचं ते विलायतेत छापलेलं, गुळगुळीत मुखपृष्ठाचं पुस्तक. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. इंग्रजीचं पुस्तक फेकणारी, फाडणारी, त्याच्यावर डबा ठेवून जेवणारी मुलं मी वर्गात रोज बघते. त्याला नमस्कार करून उघडणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता.

मी मूळची राहात्याची. इंग्रजीची शिक्षिका म्हणून माझी बदली नेवाशाजवळच्या प्रवरेकाठच्या एका गावात झाली आणि नानांच्या घरातली माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. खाली नाना, त्यांचा मुलगा दत्ता आणि सून अलका. नानांची बायको, जिला सगळे माई म्हणायचे, काही वर्षांपूर्वीच वारली होती. बारमाही पाण्याची जमीन, ऊस, दोन म्हशी, असं घर. पण गावात नानांना मान होता तो उसामुळे नाही, पोथीमुळे. सप्ताहात व्यासपीठ ते चालवायचे, म्हणजे त्यांच्या चालीवर बाकीच्यांनी वाचायचं. कुणी मध्येच उठलं, कुणी पान गाळलं, की नाना चष्म्याच्या वरून असे बघायचे की तो पुन्हा खाली बसायचा. गावातली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना दबून असायची, मग माझी काय कथा!

पुस्तक त्यांच्या लेकीचं होतं. संगीता, घरची संगी, इंग्लंडात मातीचं शास्त्र शिकवते. तिनं स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या आणि एक प्रत घरी पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. दत्ता म्हणाला, "नाना, मोबाईल धरला पानावर की मराठी करून देतोय. संध्याकाळपर्यंत उरकून टाकू." नाना त्याच्यावर असे भडकले की अलकानं दूध उतू घालवलं. "उरकून टाकायला ते काय खुरपनं हाय का? तिनं लिव्हलंय, मी वाचनार."

नाना जुन्या काळचे मॅट्रिक. इंग्रजीत काठावर पास झालेले, आणि त्यानंतर खताच्या गोणीखेरीज इंग्रजी वाचलेलं नाही. एका रविवारी ते माडीचा जिना चढून वर आले. माझ्या दारात उभं राहून म्हणाले, "मॅडम, तुमी सांजच्याला माझ्यापाशी बसायचं. शिकवायचं न्हाई. नुसतं बसायचं."

"नुसतं बसून काय करू?"

"मी अर्थ बोलन. चुकला तर मान हलवा. बरोबर अर्थ तुमी सांगायचा न्हाई."

मी त्यांना डिक्शनरी देऊ केली. ती त्यांनी परत माझ्याच टेबलावर ठेवली. "पोथीतला शब्दनशब्द कुनाला येतो? मला येत न्हाई. पन वाचीत ऱ्हायलं की शब्द आपनहून तोंड दाखवतो. मागचा-पुढचा सांगतो की हा कोन हाय ते." बी.एड.ला आम्हाला संदर्भावरून शब्दाचा अर्थ लावायला शिकवलं होतं. त्यावर एक आख्खं प्रकरण होतं आणि ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. खरोखर तसं वाचणारा माणूस मी नानांच्या रूपानं पाहिला.

सुरुवातीला मला वाटलं, चार दिवसांचा उत्साह आहे. पण नाना बैलाच्या चालीनं पुढे सरकत राहिले. विहिरीच्या प्रकरणात 'सीपेज' आला. मी मनात म्हटलं, इथे अडणार. नानांनी वाक्य दोनदा वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "झिरपा. खडकातून येतो तो. ती हीर मी खांदलीय मॅडम, मला काय इचारता!" मी कुठे काय विचारलं होतं? म्हैस प्रवरेतून बाहेर यायला तयार नाही, संगी काठावरून खडे मारतेय, तिथे 'स्टबर्न' आला. नाना म्हणाले, "हट्टी." मी मान डोलावली. त्यावर ते स्वतःशीच हसले. "हा शब्द आता म्हशीपाशी थांबायचा न्हाई. पुढं माझ्याकडं येनार बघा."

एकदा मात्र ते चुकले. संगीता पहिल्यांदा पुण्याच्या वसतिगृहात गेली होती, मेसमध्ये ताट घेऊन एकटीच बसली होती, असं वर्णन होतं. तिथे 'लोन्ली' हा शब्द होता. "भुकेली," नाना म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पुढे वाचलं. पोरीनं जेवण केलं, ताट धुतलं, खोलीवर गेली, तरी तो शब्द तिथेच. नाना थांबले. पान मागे उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग हळूच म्हणाले, "करमत नसंल तिला. आसं?"

"हो नाना."

"मला कधी बोलली न्हाई ती." त्या दिवशी त्यांनी पुस्तक लवकर बांधून ठेवलं. वर जाऊन मी माझ्या आईला राहात्याला फोन केला आणि काही कारण नसताना तिच्याशी बराच वेळ बोलत बसले.

या सगळ्या खटाटोपामागे काय आहे ते मला त्यानंतर कळलं. संगीता डिसेंबरात येणार होती, एकटीच, सुट्टीला. नाना गोठ्यात म्हशीला वैरण टाकता टाकता म्हणाले, "फोनवर बोलती ती. ऊस केवढा झाला, पानी हाय का, गुडघा कसा हाय. पावन्यानं इचारावं तसं. माझ्यासंगं जे बोलायचंय ते तिनं ह्या पुस्तकात घातलं असंल. ती यायच्या आधी मला ते ऐकायचंय." थोड्या वेळानं म्हणाले, "निम्मं पुस्तक झालं. माई आली, दत्ता आला, म्हस आली. मी अजून आलो न्हाई."

ते कुठे येणार आहेत हे मला ठाऊक होतं. एका शनिवारी पुस्तक मागून घेऊन मी ते एका बैठकीत संपवलं होतं. संगीतानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, पुण्याला, रजिस्टर. मुलगा ख्रिस्ती, राहुरीकडचा, अगदी सज्जन. नानांनी जायला नकार दिला, ते एक वेळ ठीक. पण माईला जायचं होतं. तिचा भाऊ जीप घेऊन आला होता. माई ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून तयार झाली, आणि नानांनी चौरंग उचलून घराच्या दारात मांडला, पोथी उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पोथीला बसलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी उठवत नाही. उघडी पोथी कुणी ओलांडत नाही. घराला दार एकच. माई लुगड्यात उभी राहिली, जीप वाट बघून निघून गेली, तरी नाना वाचतच होते. पुढे कितीतरी वर्षांनी माईनं हे संगीताला एकदाच सांगितलं होतं, आणि संगीतानं ते जराही सौम्य न करता लिहिलं होतं. लेकीच्या लग्नाला आई नव्हती, याचं कारण तिनं नाव घेऊन लिहिलं होतं.

हा म्हातारा ते वाचून कोसळेल अशी मला धास्ती बसली. ते प्रकरण जवळ आलं तेव्हा मी धीर करून म्हटलं, "नाना, हा भाग राहू द्या. पुढचा छान आहे, मातीबद्दल आहे. हा मागून वाचू."

नाना चष्म्याच्या वरून बघायला लागले. "पारायनात अध्याय गाळता येत न्हाई, मॅडम." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी वाचलाय व्हय? असू द्या. बसा."

ते वाचायला लागले. जीप आली. लुगडं आलं. 'पर्पल' त्यांना येत नव्हता, पण त्यांनी विचारलंही नाही, त्या लुगड्याचा रंग त्यांना ठाऊक होता. मग 'थ्रेशोल्ड' आला. नानांनी तो तुकड्यातुकड्यानं वाचला आणि बोट त्याच्यावर तसंच राहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की अर्थ सांगून टाकावा आणि म्हाताऱ्याला पुढे न्यावं. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"नका सांगू. उंबरा. मी बसलो हुतो ती जागा."

प्रकरण त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, त्याच चालीनं, मोठ्यानं. पुस्तक फडक्यात बांधलं. अलका दारातून दोनदा डोकावून गेली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाले, "बरं वाटलं."

मला वाटलं, पाण्याबद्दल बोलतायत. "कशानं बरं वाटलं?"

"राग हाय तिच्या पोटात. चांगला जित्ता हाय. मी समजत हुतो, आता तिला माझ्याशी काई घेनंदेनं उरलं न्हाई, म्हनून गोड बोलती." ते घोटभर पाणी प्याले आणि लगेच त्यांच्यातला व्यासपीठवाला जागा झाला. "पन एक चुकलंय तिचं. मी दार अडवलं न्हवतं. पोथीला बसलो हुतो मी."

भाडेकरूनं घरमालकाला किती बोलावं यालाही काही मर्यादा असतात. पण मनातून मी चिडले होते. इतकं सगळं वाचून, इतक्या शब्दांना तोंड दाखवायला लावून, या माणसानं स्वतःसाठी पळवाट तेवढी शाबूत ठेवली होती.

संगीता आली. उंच, नानांसारखंच नाक, केस कापलेले. दोन दिवस घरात नुसता गोडवा चालला होता. गुडघ्याचं तेल, चॉकलेटं, उसाची उंची. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओट्यावर शेंगा खात बसले होते, मी शाळेतून परत येत होते, आणि नाना एकदम म्हणाले, "संगे, तू माईच्या जीपचं जे लिव्हलंय ते बरोबर न्हाई."

संगीताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुमाला कुनी वाचून दाखवलं?"

"मी वाचलं. पहिल्या पानापास्नं. ह्या मॅडम साक्षीला बसायच्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, सवयीनं.

"मग काय बरोबर न्हाई ते सांगा," ती म्हणाली. इतकी वर्षं विलायतेत काढली, पण रागात तिची बोली जशीच्या तशी बाहेर आली.

"मी दार अडवलं न्हाई. पोथी वाचत हुतो."

"देवघर कुठं हाय आपलं, नाना?"

"आतल्या खोलीत."

"मग रोज तिथं वाचनारा मानूस त्याच दिवशी दारात का आला? माई पोथी वलांडनार न्हाई हे तुमाला ठावं हुतं. तुमी तिला हाताला धरून बसवलं असतं तर ती भांडली तरी असती. पोथीसंगं कशी भांडनार ती?" तिचा आवाज चढत गेला. समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. दत्ता "अगं, अगं" करत उठला तर तिनं त्यालाही खाली बसवलं. "माझ्या लग्नाच्या फोटोत माझी आई न्हाई, नाना! सासरची सगळी मानसं हायेत आन माझी आई न्हाई!"

मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी अलकाच्या शेजारी उभी राहिले. नानांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना आता छातीत कळ येते की काय, असं वाटून मी अलकाचा हात धरला.

"व्हय," ते म्हणाले. "ती जाऊ नये म्हनूनच दारात बसलो. जानूनबुजून बसलो. त्या दिवशी काय वाचलं त्यातलं एक अक्षर मला आठवत न्हाई."

संगीताचे डोळे भरून आले. "माईला कधी म्हनला का असं?"

"न्हाई. ती असतानी तोंडातून निघालं न्हाई." नानांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला म्हनतो."

अलका पदर तोंडाला लावून रडत होती आणि मीही तिच्यापेक्षा कमी रडत नव्हते. संगीता पुढे सरकली, नानांच्या गुडघ्यावरची टोपी तिनं उचलली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि नाक ओढत म्हणाली, "एवढं म्हनायला तुमाला इंग्रजी शिकावं लागलं?"

"लागलं," नाना म्हणाले.