ताईंच्या मागची खुर्ची

नगरपरिषदेत अध्यक्षांच्या दाराशी शिपाई म्हणून बसलं, की किस्से आपोआप जमतात. फाइल हरवते, किस्सा नाही! पण यंदा हसू येत नव्हतं. गुजरी, म्हणजे रोजचा भाजीबाजार, उठवून तिथे दुकानं बांधायचा ठराव येणार होता, आणि त्याच गुजरीत आमची बायको भाजी विकते. माझी नोकरी कंत्राटी. घर तिच्या त्या जागेवर चालतं.

*

पूर्वी नगरसेवकच अध्यक्ष निवडायचे. एकदा मतदानाआधी अर्धे नगरसेवक गायब! जिपा भरून नागझिऱ्याच्या जंगलात नेलेले. परत आल्यावर एकाला विचारलं, "वाघ दिसला का जी?"

"कायचा वाघ! खोलीच्या बाहेर निघू देत नव्हते."

त्याच दिवशी अध्यक्ष बदलला.

*

मग निवडणुकाच लांबल्या आणि प्रशासक आले. ते सापडले तर सापडले. एक म्हातारी नळाचा अर्ज रिकाम्या खुर्चीसमोर ठेवून निघाली.

"अवो आजी, साहेब नाही ना!"

"माहीत हाय बापू. असले तरी असंच होते."

*

पुढे अध्यक्षाची जागा महिलांसाठी निघाली. लोकांनी ताईंना थेट निवडून दिलं. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसले कोण? त्यांचे यजमान, भाऊ! ताई सोफ्यावर. एक ठेकेदार हार घेऊन आला आणि सरळ भाऊंच्या गळ्यात घातला.

ताई शांतपणे म्हणाल्या, "पण सही माझीच लागते ना?"

ठेकेदार हसला. भाऊ नाही हसले.

*

ठरावाच्या आदल्या दिवशी मी ताईंना गाठलं. "ताई, गुजरीचं काय?"

"दोन दिवस झाले, हे माझ्याशी बोलून नाही राहिले," एवढंच म्हणाल्या. दुकानं व्हावीत म्हणून भाऊच मागे लागले होते.

*

भाऊंना सभेत बसायचा हक्क नाही. तरी दर सभेला ताईंच्या मागे त्यांची खुर्ची लावायचो मीच! त्या दिवशीही लावली.

ठरावावर हात वर झाले. मतं बरोबरीत! आता अध्यक्षांचं मत निर्णायक. भाऊ पुढे वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजले, "हो म्हण."

मी दाराशीच उभा होतो.

ताई मागे न बघता मला म्हणाल्या, "भोजराजकाका, यांची खुर्ची बाहेर व्हरांड्यात नेऊन लावा. मग मी मत देते."

भाऊ जागचे हलले नाहीत. मी खुर्चीच्या पाठीला हात घातला.

"भाऊ, उठता का जी?"