पास्कल अंकलांचा डीकोडर

स्क्रीनवर प्रश्नचिन्हांची रांग लागली होती. पास्कल अंकल एकदा स्क्रीनकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. कोचीहून त्यांचे मित्र थॉमस रेडिओवर मोर्समध्ये टुकटुकत होते आणि मी महिनाभर घासून लिहिलेल्या सॉफ्टवेअरला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

अंकल पूर्वी जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. दर रविवारी सकाळी हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी माणसांच्या परवानाधारक वायरलेसवर, त्यांच्या गप्पा चालायच्या. आता कान गेले. पाठवायला यायचं, आलेलं ऐकू यायचं नाही. थॉमसना सांगायची मात्र लाज, म्हणून अंदाजाने उत्तरं ठोकून द्यायचे. मी मालवणात घरून सॉफ्टवेअर लिहिते आणि यांच्या शेजारी राहते. त्यामुळे डीकोडर, म्हणजे टुकटुक ऐकून अक्षरं लिहिणारा प्रोग्रॅम, माझ्या गळ्यात पडला.

"आज नाय जमला तर अँटेना उतरवतंय," त्यांनी सकाळीच बजावलं होतं. हा माणूस रविवारवर जगतो.

"टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर आलं होतं, अंकल!" मी ओरडून सांगितलं.

"टेस्टिंगाक कोणाचो हात घेतलंस?"

"कॉम्प्युटरचा." हात म्हणजे मोर्स पाठवण्याची ज्याची त्याची लकब.

"मगे काय गो! थॉमस दोन अक्षरांच्या मधी थांबणाच नाय. तोंडान बोलता तो पण असोच. श्वास घेऊक विसारता."

मोर्समध्ये आखूड आवाज म्हणजे टिंब, लांब आवाज म्हणजे रेघ. एका अक्षराच्या आत टिंबाएवढा थांबा आणि दोन अक्षरांमध्ये त्याच्या तिप्पट, असं पुस्तक सांगतं. मी सीमा दुपटीवर ठेवली होती. आत्ताच्या टुकटुकीचं रेकॉर्डिंग मोजलं तर थॉमस दीडपटीलाच पुढचं अक्षर सुरू करायचे. प्रोग्रॅमला चार अक्षरं मिळून एकच वाटायचं आणि असलं अक्षर कुठल्याच तक्त्यात नसतं. चूक माझी होती. मी ठरीव सीमा काढून टाकली. प्रोग्रॅमने आधी पाठवणाऱ्याचे थांबे मोजायचे, मग सीमा ठरवायची. थॉमस एकदा सुरू झाले की अर्धा तास आवरत नाहीत, म्हणून तेवढा वेळ मिळाला.

प्रश्नचिन्हं थांबली. इंग्रजीत ओळ उमटली: तुझी तब्येत कशी आहे हे चार रविवार विचारतोय, तू बांगडा माशाचे भाव सांगतोस.

अंकल हसले, मग त्यांनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते. त्यांनी मोर्सच्या बटणावर हात ठेवला आणि एकदाचं सांगून टाकलं: मी बहिरा झालोय, तुझं स्क्रीनवर वाचतोय.

पलीकडून अक्षरं आली: मीही. वर्षभर. माझं सॉफ्टवेअर तुझं निम्मंच वाचतं, म्हणून तेच तेच विचारतो.

"मेल्यान सांगूक नाय!" अंकल टेबलावर थाप मारून ओरडले.

संध्याकाळी मी थॉमसना माझा डीकोडर पाठवून दिला. पाठवण्याआधी टेस्टिंग केलं. या वेळी हात अंकलांचा घेतला.