गाडीचा उपास

त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलं नाही. मी घाईत होतो. साक्रीला साखरपुडा होता, तोही माझाच, आणि धुळ्यात देवपूरला गाडी थांबली की थरथरून बंद पडत होती.

त्यानं बॉनेट उघडलं आणि कानावर खोचलेली अगरबत्ती काढून पेटवली. पेट्रोलशेजारी अगरबत्ती! मी चार पावलं मागे सरलो. तो मात्र डोळे बारीक करून चालू इंजिनाभोवती ती हळूहळू फिरवू लागला.

"पेट्रोल बरोबर शे, भाऊ. गाडी हवा जास्ती खाई राहिनी. कोठून, ते पाहस."

रस्त्यावरून जाणाऱ्यांना मात्र आरतीच दिसत होती. लोक थांबून चपला काढू लागले, हात जोडू लागले.

एका आजींनी विचारलं, "काय व्हयनं रे हिले?"

"नुसती हवा खाई राहिनी, अक्का."

"मंग उपास शे का तिले?"

एवढ्यात धूर वाकला आणि रबरी पाइपच्या चिरेत सुळकन शिरला. "घेतलं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मेकॅनिकनं चिरेवर ट्यूबचा तुकडा आवळला, तशी गाडी एकसुरात चालू लागली. त्यानं बॉनेट लावताच अक्कांनी वर एक केळं ठेवलं.

"आते उपास सोड म्हणा तिले."

लोकांच्या भोळेपणाला हसतच मी साक्री गाठली. पायांवर पाणी घालायला होणाऱ्या सासूबाई पुढे आल्या, तेव्हा मी खाली पाहिलं. पायांत नुसते मोजे होते. नवे बूट देवपुरात, त्या आरतीपाशीच राहिले होते.