कौसाबाईंचं खुरपं

"माझ्या मायले मजुरीला लावलं तुम्ही!"

हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात कौसाबाईंचा मुलगा शंकर ओरडत होता. कौसाबाई वांग्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसलेल्या. शेजारी मी, पांढऱ्या कोटाला चिखल लागलेला.

मुलांनो, तुमची आजी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. आजारपणात हात गेला, तर कामच करवून घेऊन तो पुन्हा चालता करायचा, हा आमचा धंदा. नवं मध्य प्रदेश राज्य झालं होतं. कागद नागपूरऐवजी भोपाळहून यायला लागले होते. बऱ्हाणपुरात हा धंदा काय असतो, हे मला सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

कौसाबाई तापीकाठच्या केळीच्या बागाईतदार घरातल्या. लकव्याने उजवा हात लुळा पडला होता. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, मले बाकी काही नको. सून लुगडं नेसवते ना, तेवढं बंद कर." नऊवारीला दोन्ही हात लागतात.

आमचं डिपार्टमेंट म्हणजे एक खोली. तिथे फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवायच्या. तीन आठवडे कौसाबाईंनी एक खुंटी उचलली नाही. "लेकराचं खेळणं हाय हे."

म्हणून मी त्यांना बाहेर आणलं. वाफ्यातलं तण बघून त्या चिडल्याच. "कोनी निंदलं नाही का हे?" आणि बसल्या. मी खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळून ती जाड केली. कमजोर बोटांना जाड मूठ धरता येते, त्या पकडीला आम्ही ग्रिप म्हणतो. पाचव्या दिवशी उजव्या हाताने त्यांनी हराळीची मुळी ओढून काढली.

नेमकी ही बातमी गावात गेली ती अशी: बागाईतदारीण परक्या वाफ्यात निंदते. घरच्यांना आधी विचारलं नाही, ही माझी चूक. ती मी मान्य करते. पण हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडेंट साहेबांचं काय?

"मॅडम, फॉर्म में उपचार-कक्ष लिखा है. कक्ष यानी कमरा."

"सर, कमरे में हाथ नहीं चला."

"तो नहीं चला! मजदूरी की शिकायत भोपाल गई तो जवाब आप देंगी?"

"आप एक बार हाथ तो देखिए."

ते खुर्चीतून उठले नाहीत. वाफा त्यांच्या खिडकीपासून वीस पावलांवर होता. आजही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

शंकरने गाठोडं बांधायला घेतलं. कौसाबाईंनी त्याला थांबवलं. "मी तुले मजुरीन दिसते का रे? लकवा झाल्यापासून पहिल्यांदा या हातानं काही धरलं. तू घरी नेऊन मले पुन्हा सुनेच्या हवाली करशील?"

तो वरमला. "मग आपल्या वावरात कर ना, माय. तिथं कोन बोलीन?"

"मी येते तिकडे," मी म्हटलं.

साहेब म्हणाले, हॉस्पिटलच्या बाहेर ड्यूटी होत नाही. मग मी रविवारी जायला लागले, सुट्टीच्या दिवशी, बसच्या टपावर सायकल टाकून. केळीच्या बुंध्याशी उगवलेली पिलं कापायची, वाळकी पानं ओढून पेंढ्या बांधायच्या. बांधताना गाठ मारायची. ती गाठच मला हवी होती, लुगड्यालाही तीच लागते. केळीच्या चिकाने माझ्या दोन साड्या काळ्या झाल्या. ते डाग कशानेच जात नाहीत.

एका रविवारी पोचले, तर सून ओट्यावर बसलेली. आतून आवाज आला, "थांब बाई, नेसते हाय." बराच वेळ गेला. कौसाबाई बाहेर आल्या. कासोटा तिरका होता. सून सारखा करायला उठली.

"हात लावू नको," कौसाबाई म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये साहेबांनी लिहिलं: 'उपचार अपूर्ण, रोगी घर गया.' मी लेखी हरकत घेतली. ती फाइलला लागली आणि ओळ तशीच राहिली.

तेव्हापासून मी पेशंटला बाहेर नेण्याआधी घरच्यांना तिथे नेऊन काम दाखवत असे. आणि साहेब लोकांना त्याही आधी, खुर्चीसकट.