एल्स्पेथच्या आजीने खाल्लेला केक

आमच्याकडे माणसाला त्याच्या जमिनीच्या नावाने हाक मारतात. बर्नसाइडचे शेत कसणारा तो बर्नसाइड. त्याचे कागदावरचे नाव पोस्टमनला तेवढे ठाऊक. आणि ही सगळी शेते, ओढा, टेकडीवरचे रान ज्याच्या मालकीचे, तो ड्रमलाथी. चारशे वर्षे स्ट्रेटन घराण्यातला कोणी ना कोणी ड्रमलाथी होताच. १९५८च्या मार्चमध्ये शेवटचा ड्रमलाथी वारला. त्याला ना मूल, ना भाऊ, ना बहीण. त्या नावाने हाक मारावी असे गावात कोणी उरले नाही.

एल्स्पेथ डूथी ड्रमलाथीच्या थोरल्या घराच्या कोंबड्या सांभाळायची. तिची आई तेच करायची आणि आजीही. अडुसष्ट वर्षांची, बुटकी, पायात पुरुषी बूट; ओढ्याकाठच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. बाराव्या वर्षी तिची शाळा सुटली होती. कोंबड्या मोजताना मी तिला कधी पाहिले नाही. संध्याकाळी खुराड्याच्या दारात उभी राहून ती नुसती बघायची आणि म्हणायची, ‘त्या लंगडीची नात आली नाही अजून.’ माणसांचेही तसेच. कोण कुणाचा कोण, हे ती न अडखळता सांगायची. पण विचारले तरच.

वारस सापडला नाही तर इस्टेट सरकारजमा होणार आणि विकली जाणार, हे वकील मिस्टर इंग्लिस यांनी सर्वांना सांगून ठेवले होते. एक लाकूड कंपनी टपून बसलीच होती. म्हणजे बर्नसाइडच्या बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीत पाइनची झाडे लागणार. कंपनीला लहान घरे मात्र नको होती. ती राहणाऱ्यांच्या नावावर करून द्यायची असे ठरत होते. एल्स्पेथच्या तीन पिढ्या ज्या छपराखाली दुसऱ्याच्या मर्जीने राहिल्या, ते छप्पर आता तिचे होणार होते. मे महिन्यात तिने खिडक्यांना नवा रंग दिला. तिने असला खर्च पूर्वी कधी केल्याचे मला आठवत नाही.

जूनमध्ये कॅनडातून, मॅनिटोबातून, वॉल्टर स्ट्रेटन आला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, अबोल शेतकरी. आपले आजोबा जेम्स १८४४ साली ड्रमलाथीत जन्मले, घरातल्या जगलेल्या मुलांत तिसरे आणि शेवटचे, असे तो म्हणत होता. थोरल्या घराच्या दिवाणखान्यात घराण्याचा वृक्ष रंगवलेली एक मोठी फळी आहे. तिच्यावर जेम्स होता, पण जन्म १८३४, मृत्यू १८३६. दुसरा जेम्स नव्हता.

चर्चची नोंदवही माझ्याकडे असे. आमच्याकडे शाळामास्तरच चर्चचा कारकून असतो. चाळीस वर्षांची पाने मी दोनदा चाळली. दुसऱ्या जेम्सचा बाप्तिस्मा त्यात नव्हता. तसे पत्र मी वकिलांना लिहिले आणि खाली सही केली. खरे तर मी थांबायला हवे होते. आमच्याकडे तिसऱ्या मुलाला बापाचे नाव देतात, आणि तो मूल असतानाच गेला तर पुढच्या मुलाला तेच नाव देतात. बापाचे नाव कुठलेही घर रिकामे राहू देत नाही. हे मला माहीत होते; पण वहीत नव्हते, म्हणून मी नाही असे लिहिले.

शनिवारी दुपारी त्या फळीखाली कुळे जमली. मिस्टर इंग्लिस यांनी माझे पत्र वाचून दाखवले आणि तुमचे आजोबा दुसऱ्या वर्षीच वारले होते, असे वॉल्टरला अगदी अदबीने सांगितले.

“दोन वर्षांचं पोर कॅनडाला गेलं, लग्न केलं, शेत घेतलं,” बर्नसाइड माझ्या कानाशी पुटपुटला. “हुशारच म्हणायचं.”

एल्स्पेथ अंडी द्यायला आली होती. तिने टोपली खाली ठेवली.

“तो जेम्स वेगळा, वकीलसाहेब. ह्यांच्या आजोबांच्या बारशाचा केक माझ्या आजीनं खाल्लाय.”

बाळाला बाप्तिस्म्याला नेताना केकचा एक तुकडा कागदात बांधून बरोबर घेतात. मुलगा असेल तर वाटेत पहिली भेटणारी बाई किंवा मुलगी, आणि मुलगी असेल तर पहिला पुरुष, त्याचा मानकरी. ज्याला तुकडा मिळेल त्याने आपले काम सोडून बाळाबरोबर चार पावले चालायचे. एल्स्पेथची आजी तेव्हा आठ वर्षांची होती, बदके हाकत होती.

वकिलांनी हसू आवरले. आजी कुठे भेटली त्यांना, असे विचारले.

“बर्नसाइडच्या कोठाराच्या वाटेवर.”

“चर्च तर दुसऱ्या दिशेला आहे.”

“म्हणून तर,” एल्स्पेथ म्हणाली.

माझे कान तापले. १८४३ साली चर्चमध्ये फूट पडली आणि अर्धे गाव जुन्या चर्चमधून उठून बाहेर पडले. त्यांच्याकडे इमारत नव्हती. दोन वर्षे ते बर्नसाइडच्या कोठारात जमत. तेव्हाचा ड्रमलाथी जुन्या चर्चमध्ये राहिला, त्याची बायको मात्र बाहेर पडली. पुढच्या वर्षी झालेले मूल तिने बाप्तिस्म्यासाठी कोठारात पाठवले. रागावलेल्या बापाने त्याचे नाव फळीवर रंगवू दिले नाही. भांडणाची ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक. पण मी जुन्या चर्चच्या बाकावर वाढलेला, मी फक्त माझीच वही उघडली. दोन्ही चर्च केव्हाच एक झाली होती, तरी कोठारवाल्यांच्या वह्या त्यांनी पुढे बांधलेल्या आणि आता बंद पडलेल्या इमारतीत एका पेटीत पडून होत्या. त्या पेटीवरची धूळ दर वसंतात एल्स्पेथच पुसायची.

आम्ही तिथे गेलो. ९ जून १८४४: जेम्स, ड्रमलाथीचा तिसरा हयात मुलगा. वडील गैरहजर.

वॉल्टरने त्या ओळीवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. मी मिस्टर इंग्लिस यांच्याकडून माझे पत्र मागून घेतले आणि तिथेच दुसरे लिहून दिले.

परतताना बर्नसाइडला राहवेना. “एल्सी, गप्प बसली असतीस तर घर तुझ्या नावावर झालं असतं. माझं शेत वाचलं, पण तुझं काय?”

“केक घेतला की बरोबर चालायचं असतं,” ती म्हणाली. “आजी तेव्हा चार पावलं चालली. उरलेली मी चालले. त्यात काय एवढं?”

मग कोंबड्या कोंडायच्या राहिल्यात म्हणून ती झपाझप पुढे गेली.

दोन वर्षांनी वॉल्टरला मुलगा झाला. बाप्तिस्म्याच्या सकाळी एल्स्पेथ मुद्दाम खुराड्यात जाऊन बसली. मानासाठी वाटेवर उभे राहणे तिला लाजिरवाणे वाटे. पण वॉल्टरच्या मेहुणीने बाळ घेऊन चर्चची सरळ वाट धरलीच नाही. सगळी मिरवणूक ओढ्याकडून वळसा घालून निघाली. बर्नसाइड पन्नास पावले पुढे चालत दिसेल त्या बाईला घरात पिटाळत होता. त्यात त्याची स्वतःची बायकोही होती, आणि तिने त्याला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आवाज ऐकून एल्स्पेथ दाण्यांची बादली घेऊन बाहेर आली.

“वाट चुकलात की काय, ड्रमलाथी?” तिने वॉल्टरला विचारले.

तिच्याकडून ते नाव ऐकून वॉल्टर हसला, आणि मेहुणीने केकचा तुकडा पुढे केला. एल्स्पेथने हात एप्रनला पुसला, तुकडा घेतला, बादली खाली ठेवली आणि चालू लागली. चार पावले पुरली असती. ती चर्चपर्यंत आली, आणि ज्या दारातून १८४३च्या फुटीत डूथी बाहेर पडले होते त्यातून आत येऊन मागच्या बाकावर बसली.

त्यानंतर ती आठ वर्षे जगली, त्याच दोन खोल्यांत. त्या कधी तिच्या नावावर झाल्या नाहीत. फळीवर आता दुसऱ्या जेम्सचे पान आहे, त्याखाली वॉल्टरच्या शाखेचीही पाने आहेत. डूथींसाठी तिथे जागा नाही.

नोंदवहीत बाळाचे नाव, आईबापांची नावे आणि तारीख, एवढेच लिहायचा नियम आहे. त्या दिवशी मी समासात आणखी एक ओळ लिहिली: वाटेत भेटली, एल्स्पेथ डूथी.