अर्ध्या सेकंदाचं गुपित

बडोद्याच्या गोरव्यातल्या आमच्या शेडमधलं प्लाझ्मा कटिंग मशीन माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही, आणि मला त्याचा कोण माज होता!

प्लाझ्माची ज्योत लोखंडी प्लेटवर पेटली की टॉर्चनं, म्हणजे ज्योत सोडणाऱ्या मुंडक्यानं, लगेच पळायचं नसतं. आरपार भोक पडेपर्यंत जागेवर थांबायचं, तो पीअर्स डिले. बारा एमएम जाडीच्या प्लेटला साधारण अर्धा सेकंद. कमी थांबलात तर वितळलेलं लोखंड उलटं उडतं नि नोझलचे बारा वाजतात. जास्त थांबलात तर भोकाचा खड्डा होतो. शिवाय ते पहिलं भोक मालात येऊ नये म्हणून भंगाराच्या बाजूला सुरुवात करून मग रेषेवर यायचं, ते लीड-इन. कंपनीचे मूळ आकडे आमच्या जुनाट मशीनला लागू पडत नव्हते. माझे आकडे मी ढीगभर प्लेटा नासवून काढले होते. रोज संध्याकाळी निघताना ते पुसायचो आणि मूळचे टाकून ठेवायचो. म्हटलं, आता आपल्याला काढायची कुणाची टाप आहे!

काढलं नाहीच. सोडलंही नाही. बायकोला नाशिकच्या शाळेत कायमची नोकरी लागली. ती मुलीला घेऊन गेली. मलाही तिथं काम मिळत होतं. शेठना सांगितलं, तर त्यांनी हातच जोडले. "भाई, तुं जईश तो मशीन बंध. पहेलां बीजो माणस तैयार कर."

दुसरा माणूस तयार करायचा? आणि शिकवून झाल्यावर नाशिकचं फिसकटलं तर? तेलही गेलं, तूपही गेलं! या भीतीत दीड वर्ष बडोद्यात कुढत काढलं. राग यायचा, पण काढणार कुणावर? धोंडा मीच पायावर पाडून घेतला होता. एकदा मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही नेहमी पाहुण्यासारखेच येणार का?" त्या दिवशी मात्र बांध फुटला. रडलो चक्क.

शेडमध्ये जवळच्या छाणी गावचे एक वेल्डर होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. डोळे अधू झाल्यानं त्यांचे जोड वाकडे येत होते आणि शेठ त्यांना कमी करायच्या बेतात होते. मी म्हटलं, "भाऊ, या, मशीन शिका."

पहिल्याच दिवशी त्यांनी लीड-इन उलट्या बाजूला टाकलं. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीच्या, ऐन काठावर खड्डा! मी खेकसलो, "अहो, माल कुठला नि भंगार कुठलं, एवढंही कळत नाही?" लगेच माझी मलाच लाज वाटली. भाऊंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्यासमोर बसले. दोन महिन्यांत ते माझ्यापेक्षा स्वच्छ कापायला लागले.

शेवटच्या संध्याकाळी शेठनी पेढे वाटले. नाशिकच्या बसचं तिकीट माझ्या खिशात होतं. भाऊंचा निरोप घ्यायला मशीनकडे गेलो, तर ते एकेक आकडा पुसत होते.

"भाऊ, हे काय?"

"इतकी वर्षं बघतोय ना तुला. हेही शिकलो."

"अहो, अडकाल! माझे काय हाल झाले, पाहिलेत ना?"

त्यांनी शेवटचा आकडा पुसला, मशीन बंद केलं.

"अडकू दे की," ते म्हणाले. "मला कुठं जायचंय?"