चूलबंद आवतण

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "लहानपणी काय खायचात?" मी सांगू लागलो. लाखोरीच्या डाळीचं वरण, आंबाडीची भाजी, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, चुलीत भाजलेल्या भेदरांची, म्हणजे टमाट्यांची, सांबार म्हणजे कोथिंबीर घातलेली चटणी. भात तर असायचाच, पण ताटात पालाही तेवढाच असायचा. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "मग तेच खा की," ते म्हणाले. "भात अर्धा करा, बाकी तेच. मी वेगळं काय लिहून देऊ?"

हे सगळं मला बाईनं खाऊ घातलेलं होतं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून आठवी ते बारावी मी सानगडीला तिच्या सासरी राहिलो. लग्न होऊन दोनच वर्षं झालेल्या सुनेनं भावाला आणून ठेवणं सोपं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. तिची सासू, जिला मी मावशी म्हणायचो, तिनं एकदाही मला उपरं वाटू दिलं नाही. पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं होतं, "पोरगा पाला खाते का?" बाईनं हो म्हटलं. "मंग पोसते," मावशी म्हणाली, आणि विषय संपला.

माझ्या हातून जे झालं ते सांगण्याआधी आमच्याकडच्या आवतणाबद्दल सांगायला हवं. कार्य असलं की घरोघरी माणूस पाठवून जेवणाचं आवतण देतात. ते दोन तऱ्हेचं असतं. 'घरटी एक' म्हटलं की घरातून एक जण जेवायला येतो. 'चूलबंद' म्हटलं की अख्खं घर येतं, आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. साकोलीकडे चुलबंद नावाची नदीही आहे. तिचं नाव तसं कसं पडलं ते मला ठाऊक नाही, पण लहानपणी मला वाटायचं की तिच्या काठी कोणीतरी फार मोठं जेवण दिलं असणार.

मी नववीत असताना भाच्याचं बारसं होतं. बाईनं मला आवतण द्यायला पाठवलं आणि तीनदा बजावलं, "घरटी एक सांग बरं बाबू." पहिल्या काही घरी मी बरोबर सांगितलं. मग माझ्या वर्गातल्या एका मुलाचं घर आलं. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी हसत विचारलं, "काय गा पाव्हन्या, किती जनाचं हाये?" त्या मुलासमोर 'एकाचं' म्हणणं मला कसंतरीच वाटलं. मी म्हणालो, "चूलबंद." शेजारच्या बाईनं भिंतीवरून विचारलं, "आमालेही का?" तिलाही हो म्हणालो. मग त्या गल्लीत शेवटपर्यंत चूलबंदच वाटत गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शब्दाला एवढं वजन आलं होतं.

दुपारी बाया-पोरं हातात लोटे घेऊन अंगणात येऊ लागली तेव्हा बाईचा चेहरा पांढरा पडला. मावशीनं विचारलं, "चूलबंद कोनं देल्लं?" मी खाली मान घालून म्हणालो, "मी." आता मार बसणार असं वाटलं. पण तिनं पदर खोचला.

"तोंडातून गेलं ना? मंग पुरवा लागन. बस इथं, भेदरं चिर."

दुसऱ्यांदा भात टाकला, वरण वाढवलं, परसातली होती नव्हती ती पालेभाजी खुडली. सगळे पोटभर जेवून गेले. संध्याकाळी बाई आणि मावशी भांड्याच्या तळाची खरवड खरडून खाताना मी दारातून पाहिलं. मावशीनं मला पाहिलं आणि म्हणाली, "काय पाहून राहिला? झालं ना जेवन लोकाईचं. तुहा शब्द राह्यला."

आता त्या दिवाळीबद्दल. शुगर निघाली त्याच वर्षीची. दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी मी सानगडीला गेलो होतो. बाईचे गुडघे दुखत होते. भाऊबीजेला मी तिच्याकडे जेवायला जायचं आणि तिनं पहाटेपासून रांधत बसायचं, हे तीस वर्षं चाललेलं. मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, "बाई, यंदा तू काहीच करू नको. भाऊबीज मायाकडं. भाऊजी, मावशी, सगळे. चूलबंद!"

मावशी तेव्हा नव्वदीला टेकली होती. खाटेवरून तिनं मान वर केली. "चूलबंद म्हनलं का गा यानं?"

"हाव मावशी. चूलबंद. सकाळी नवाले गाडी पाठवतो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली.

भंडाऱ्याला घरी आल्यावर मी हे बायकोला सांगायचं टाळलं. दोन दिवस उरले तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "भाऊबीजेला मी सिहोऱ्याला माझ्या भावांकडे जाणार, हे तुम्हाला माहीत नाही का? एवढ्या जणांचं आवतण देताना मला एका शब्दानं विचारलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिलाही भाऊ होते. मी तेव्हाच बाईला फोन करायला हवा होता. पण इतक्या थाटात दिलेलं आवतण परत घेताना लहान झाल्यासारखं वाटत होतं. आज करू, उद्या करू असं करत मी फोन केला नाही.

भाऊबीजेच्या सकाळी बायको मुलांना घेऊन सिहोऱ्याला गेली. दहा वाजता ऑफिसातल्या एकाचा फोन आला, शहापूरजवळच्या एका ढाब्यावर सगळे जमत होते. मी गेलो. डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं तिथं खाल्लं. मध्ये एकदा हात धुवायला उठलो तेव्हा खिशातला फोन काढला, बाईचा नंबरही समोर आणला. मग वाटलं, आता एक वाजला. गाडी आली नाही हे पाहून तिनं काहीतरी टाकलंच असेल. तिचंच घर, तिचाच गॅस. मी फोन परत खिशात ठेवला आणि रोटी मागवली.

साडेचारला घरी येऊन फोन केला.

"बाई वो, आज जमलंच नाई. ही माहेरी गेली."

"हाव का? असू दे. तू जेवला ना बाबू?"

"जेवलो. तुमचं?"

"झालं ना आमचं." मग ती म्हणाली, "गोड नाई ना खाल्लं?"

मी नाही म्हणालो. तेही खोटंच होतं.

दोन महिन्यांनी मावशी गेली. वयानं गेली, दुसरं काही कारण नव्हतं. तेरवीला मी गेलो तेव्हा गावातला एक माणूस अंगणात उभा राहून भाऊजींना विचारत होता, "कसं सांगू, घरटी एक का चूलबंद?" त्याला सांगून पाठवल्यावर भाऊजी माझ्याकडे वळले. त्यांचा स्वभाव मुळात थट्टेचा. आईच्या तेरवीलाही तो सुटला नव्हता.

"साळेबुवा, तुमचं चूलबंद लय भारी पडलं बापा."

मी हसण्याचा प्रयत्न केला. ते पुढे सांगत गेले. "नवाले आमी तयार. बुढी नवं लुगडं नेसून छपरीत बसली. रस्त्यावर गाडी वाजली का उठे. बारा वाजले, एक वाजला. मी म्हनलो, खिचडी टाका. त बुढी म्हने, खबरदार. गल्लीत समद्याईले सांगून बसलो का भावाकडं चूलबंद हाये म्हनून. आता कुकरची शिट्टी वाजली त समोरची आयकन. पोराची लाज जाईन."

"कोणत्या पोराची?" मी विचारलं.

"तुही गा. आनखी कोनाची?"

गॅस आल्यापासून चुलीचा धूर गेला, पण शिट्टी आली. धूर एखादे वेळी दिसला नसता. शिट्टी मात्र तीन घरं पलीकडे ऐकू जाते. माझी लाज जाऊ नये म्हणून तीन माणसं, त्यातलं एक नव्वदीचं, दिवे लागेपर्यंत शिट्टीशिवाय बसून राहिली होती.

"मंग खाल्लं काय?" मी विचारलं.

"फुटाने होते. आन कोचईच्या वड्या. हिनं रातीच उकडून ठेवल्या होत्या, तुह्यासाठी न्याले. तुले तळलेलं चालत नाई म्हने. त्या थंड्याच खाल्ल्या."

मी म्हणालो, "भाऊजी, मी विसरलोच हो." ते म्हणाले, "होते गा," आणि पत्रावळी मोजायला उठले.

मी विसरलो नव्हतो. हे वाक्य लिहायलाच हा सगळा खटाटोप आहे. बायकोला, भाऊजींना, ऑफिसातल्या मित्रांना मी 'विसरलो' असंच सांगितलं. विसरण्याला माणसं माफ करतात. हातात फोन घेऊन, बहिणीचा नंबर समोर असताना, रोटी मागवण्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. आणि ज्या मावशीनं माझा खोटा शब्द खरा करायला स्वतः खरवड खाल्ली होती, तिलाच मी म्हातारपणी नवं लुगडं नेसवून उपाशी बसवलं. तिची माफी मागायला आता जागाच उरली नाही.

बाई मात्र होती. मी तिला पुढच्या राखीला सांगितलं. ती माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "बाई, त्या भाऊबीजेले मी इसरलो नव्हतो."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कसं?"

"इसरनारा मानूस साडेचारले फोन करत नाई, बाबू. त्याले दुसऱ्या दिवशी आठवते."

तिनं सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "काहून सांगून राहिला आता? राहू दे ना."

"यंदा भाऊबीजेले या. मी सोता रांधतो. मी सोता घ्याले येतो. चूलबंद."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "येऊ ना," ती म्हणाली. मावशीसारखं 'बरं' म्हणाली नाही.

त्या वर्षभरात मी रांधायला शिकलो होतो. डॉक्टरांमुळे सुरुवात झाली, पण तेवढ्यासाठीच नाही. लाखोरीची डाळ किती वेळ भिजवायची, आंबाडीत कण्या कधी घालायच्या, हे मी बाईला फोन करून विचारायचो. तीही भरभरून सांगायची, चुकलं की हसायची. "अर्धा बाईमानूस त झालाच बापा, आता पुरा होतो का?" असं म्हणायची. फोनवर सगळं पूर्वीसारखं होतं. मला वाटलं, मिटलं.

भाऊबीजेला पहाटे उठून मी वरण केलं, कोचईच्या वड्या उकडल्या, भेदरं गॅसवर भाजली. चिन्नोरचे तांदूळ धुऊन ठेवले. भात ते आल्यावरच टाकायचा होता, गरम. बायको म्हणाली, "तुम्ही जा. भावांकडे मी उद्या जाईन." साडेआठला मी सानगडीत होतो.

भाऊजी ओट्यावर चपला घालत होते. बाई दारात उभी राहून निऱ्या सारख्या करत होती. समोरची बाई अंगण झाडता झाडता थांबली. "आज भावाकडं का वो?"

"हाव," बाई म्हणाली. "चूलबंद हाये."

आणि त्याच क्षणी आतून कुकरची शिट्टी झाली.

समोरच्या बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा झाडू लागली. बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊजींना म्हणाली, "आनखी एक होऊ द्या. मंग बंद करून कुलूप लावा." आम्ही तिघंही दुसऱ्या शिट्टीची वाट पाहत अंगणात उभे राहिलो. ती व्हायला बराच वेळ लागला.

भंडाऱ्याला ती नीट जेवली. वड्या दोनदा घेतल्या. वरणात मीठ कमी आहे म्हणाली, आणि ते खरंच कमी होतं. तिनं मला ओवाळलं. भाऊजींनी "साळ्याच्या हाताले चव हाये गा, नौकरी सोड" म्हणून सगळ्यांना हसवलं. दिवस चांगला गेला, असं कोणीही म्हणेल.

संध्याकाळी त्यांना परत सोडलं. बाई आत गेली, मीही मागून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर कुकर तसाच होता. तिनं झाकण काढलं. आत सकाळचा भात होता, पांढरा, घट्ट, कोणी हात न लावलेला. क्षणभर ती ओशाळली.

"सवय लागली रे बाबू," ती म्हणाली. "गायीले टाकते."

"नको," मी म्हणालो. "मले वाढ."

"आता तर जेवला ना? आन तुले भात अर्धा सांगतला हाये."

"वाढ."

तिनं ताट घेतलं, भात मोकळा करून वाढला, वर कालची भेदराची चटणी घातली. मावशीची खाट जिथं असायची तिथं मी मांडी घालून बसलो आणि तो थंड भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. बाई समोर बसून राहिली. पाणी तिनं दोनदा भरलं.